फळ्याच्या जागी राखाडी रंग

वर्ध्याहून एसटीनं तासभर गेलं की लागणाऱ्या एका गावातली ही शाळा. तिचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. जानेवारीत तिथल्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि पहिला, दुसरा, तिसरा नंबर काढायला मला बोलावलं होतं. मी चित्रकार नाही. वर्तमानपत्रात चित्रांविषयी कधीमधी लिहितो, तेवढं परीक्षक व्हायला पुरलं.

विषय होता 'माझी शाळा'. हा विषय दिला की काय येतं ते आपल्याला पाठ आहे. कौलारू इमारत, वर झेंडा, पुढे ओळीत एकसारखी पोरं, कोपऱ्यात सूर्य. म्हणून ड्रॉइंगच्या मॅडमनी आधीच बजावून ठेवलं होतं: इमारत नको, झेंडावंदन नको, सरस्वतीपूजन नको. रोज तुम्हाला जे दिसतं ते काढा. ४१ चित्रं आली. ग्रंथालयाच्या खोलीत सुतळी बांधून, कपडे वाळत घालावेत तशी ती चिमट्यांनी अडकवली होती.

मी पोचलो तेव्हा खोलीत मॅडम आणि मुख्याध्यापक सर दोघंच होते. सर मूळचे गणिताचे, मे महिन्यात निवृत्त होणारे. मॅडम चाळिशीच्या, ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका केलेल्या. दोघांत वाद चालला होता. माझ्या येण्यानं तो थांबला नाही. श्रोता मिळाल्यानं जरा रंगलाच.

"ही दोन उतरवा," सर म्हणत होते. "बाकीची राहू द्या."

दोन म्हणजे कोणती, ते मी जवळ जाऊन पाहिलं. पहिल्यात शाळा म्हणजे लाल रंगाची एसटी. 'अ' तुकडी खिडकीशी बसलेली, 'ब' तुकडी दांडीला धरून उभी, आणि 'क' तुकडी मागच्या शिडीला लोंबकळणारी. कंडक्टरच्या जागी चष्मा लावलेले एक गृहस्थ. दुसऱ्या चित्रात माणूसच नव्हता. चार नळ, त्यातल्या तीन नळांच्या तोंडाला चिंध्या बांधलेल्या, चौथ्याची धार करंगळीएवढी. आणि त्या नळापासून कागदाच्या कडेपर्यंत नुसत्या पाण्याच्या बाटल्या, एकामागे एक. मधल्या सुट्टीत मुलं बाटलीचा नंबर लावून खेळायला जातात. बाटली उभी असते, पोरगं कबड्डीत असतं. हे ज्यानं पाहिलंय त्यालाच सुचेल.

"उद्या अध्यक्ष येणार, पालक येणार," सर मला म्हणाले. "दारातच काय दिसणार? 'क' तुकडी एसटीच्या टपावर."

"टपावर दप्तरं आहेत सर. पोरं शिडीला आहेत," मॅडम म्हणाल्या.

सर हसले नाहीत. "तुकड्या मी पाडल्या. गुणांवर पाडल्या. 'क' मधल्या पोराला अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, 'अ' मधल्याला बीजगणित पुढे न्यायचंय. दोघांना एका बाकावर बसवलं तर दोघंही बुडतात. शाळेत नववीला गणिताचा मास्तर एक, तो मीच. माझी ही अडचण त्या चित्रात कुठे आहे?"

"ती तुमची अडचण आहे. शिडीवरचं त्याचं आहे. दोन्ही खरं असू शकतं."

"मग माझं कुठे टांगू? त्याच्यासाठी तुम्ही सुतळी बांधलीत."

"तुमच्याकडे अख्खी शाळा आहे, सर. माइक आहे, फळा आहे, सूचनावही आहे, प्रगतिपुस्तकावर शेरा लिहायला जागा आहे. त्याच्याकडे पाव ड्रॉइंग शीट आहे."

इथे मला माझा स्वतःचा बाक आठवला. आठवीत असताना मी कर्कटकाच्या टोकानं त्यावर आमच्या एका सरांचं डोकं कोरलं होतं, शेंडीसकट. दंड झाला, वडिलांनी भरला, बाकावर रंधा फिरवला गेला. शाळेविषयी मी काढलेलं ते एकमेव चित्र. अशी चित्रं प्रत्येक शाळेत असतातच. बाकांवर, संडासाच्या दारामागे आणि सगळ्यात जास्त वहीच्या शेवटच्या पानावर. इतिहासाच्या तासाला शेवटच्या पानावर जेवढं काढलं गेलंय, तेवढं जे.जे. कला महाविद्यालयात तरी काढलं गेलं असेल का, मला शंका आहे. मी हे बोलून दाखवलं आणि वर म्हणालो की मॅडमनी शेवटचं पान पहिलं केलंय, एवढंच.

सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही बरोबर बोललात आणि तिथेच चुकलात. वहीचं शेवटचं पान खरं का असतं? ते कुणी तपासत नाही म्हणून. मॅडमनी विषय दिला, तारीख दिली, कागदाचा आकार दिला, आता तुम्ही नंबर देणार. झाला की तो गृहपाठ! मनातलं काढून आण, सोमवारपर्यंत."

मॅडम काही बोलल्या नाहीत. मीही नाही. खरं तर हा मुद्दा मला येताना गाडीतच सुचायला हवा होता.

सरांना आता सूर सापडला होता. "बरं, ही ४१ चित्रं. हसणारं पोर किती चित्रांत आहे? मी मोजलं. तीन. आणि आत्ता ग्राउंडवर जाऊन बघा, लेझीम चाललंय, पोरांच्या हसण्यानं कानठळ्या बसताहेत. ती शाळा कुठे गेली?"

"मी कुणाला दुःख काढायला सांगितलं नाही."

"सांगावं कशाला लागतं? पहिल्या दिवशी एकानं रिकामा डबा काढला. तुम्ही तो वर्गात वर धरून दाखवला, 'बघा, किती कमी रेषांत किती बोललाय हा.' दुसऱ्या दिवशी सात रिकामे डबे आले. शाळेतला आहार आठवीपर्यंत, नववीची पोरं घरून डबा आणतात. मी डबे पाहिलेत, मॅडम. भाजी-पोळी असते, ठेचा असतो. रिकामा एखादाच."

"सात नाही, पाच," मॅडम म्हणाल्या. पण आवाज खाली आला होता.

सरांचं हे म्हणणं मला आजही खोडून काढता आलेलं नाही. शहरातल्या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बसलोय. पर्यावरण म्हटलं की तोंडात थर्मामीटर धरलेली रडकी पृथ्वी येते, पाणी वाचवा म्हटलं की नळातून शेवटचा थेंब, मुलगी वाचवा म्हटलं की दोन तळहात आणि त्यात बाळ. चाळीस पोरांचं चाळीस वेळा तेच. मोठ्यांना काय आवडतं याचा वास मुलांना फार लवकर येतो. शाळेत शिकलेल्या गोष्टींपैकी ही सगळ्यात पक्की शिकलेली. मग 'मनातलं काढा' म्हटल्यावर मनातलं येतं की मॅडमच्या मनातलं?

शिपाईमामा चहा घेऊन आले. चहा घेता घेता सर चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांवर आले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. महाराष्ट्रातल्या ज्या घरात एक तरी शाळकरी मूल आहे, तिथे या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. शिवाय इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीत ७ गुण, ब ला ५, क ला ३.

"माझ्या पालकांना ते ७ गुण कळतात," सर म्हणाले. "एका पोराची शेकडेवारी त्यानं सव्वा टक्का, दीड टक्का वर जाते. तंत्रनिकेतनाच्या यादीत तेवढ्यानं नाव वर सरकतं. मॅडम त्या परीक्षेला मुलं बसवतात, मी नाही म्हणत नाही. पण त्यांचा जीव तिथे नाही."

"माझा जीव स्मरणचित्रात अडकलाय," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्या चिडल्यासारख्या वाटल्या. "स्मरणचित्र म्हणजे आठवणीतलं. कुणाच्या आठवणीतलं? पोरं दोन डोंगर काढतात, मधून सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी आणि झोपडीमागे नारळाची दोन झाडं. सर, आपल्याकडे नारळ देवळासमोर फोडतात तेवढाच! कपाशीचं शेत कुणी काढत नाही. बैलबंडी काढली तर तिची चाकं कॅलेंडरवरची. त्यांना कधी कुणी सांगितलंच नाही की तू पाहिलंस ते काढायच्या लायकीचं आहे."

"पण डोंगर काढता काढताच हात बसतो."

"बसतो ना. ते मी नाकारत नाही. या बाटल्या ज्यानं काढल्या त्यानं सप्टेंबरात इंटरमिजिएट दिलीय. बाटल्यांची तोंडं बघा."

सर उठून गेले. नाक कागदाला लागेल इतक्या जवळून त्यांनी पाहिलं. "लंबवर्तुळं बरोबर आहेत," ते म्हणाले. "लांबच्या बाटल्यांची चपटी, जवळच्यांची उघडत गेलेली. डोळ्याच्या पातळीपासून जसजसं खाली, तसतसं लंबवर्तुळ वर्तुळाकडे जातं." त्यांना खरोखर आनंद झाला होता. मग आठवण झाल्यासारखे म्हणाले, "तरी हे उतरवाच. नळाची तीन पत्रं मी देऊन बसलोय."

"चौथ्या पत्राला हे जोडा."

मी हसलो. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मॅडम, तुम्ही नेहमी सेवाग्रामचं नाव घेता. नयी तालीम. १९३७ साली वर्ध्यात त्यासाठी शिक्षण परिषद झाली, माझ्या आजोबांनी ती लांबून पाहिली होती. सेवाग्रामच्या शाळेत पोरांनी काय केलं? सूत कातलं, शेत केलं, संडास साफ केले. गांधीजींनी कुणाला तक्रारीचं चित्र काढायला नाही लावलं. तुमच्या या पोरानं आठ तास बसून नळाचं चित्र काढलं. त्याऐवजी वायसर बदलला असता तर? पाच रुपयांचा वायसर."

"आठ तास नाही लागले त्याला. आणि पाना द्या, बदलतील."

"पाना स्टोअरला आहे."

"स्टोअरची किल्ली?"

"माझ्याकडे," सर म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

पण मॅडमनी सेवाग्राम सोडलं नाही. त्यांनी सांगितलं ते मला ठाऊक होतं, तरी त्या खोलीत ते वेगळं ऐकू आलं. सूत आणि शेतीच्या त्याच सेवाग्राममध्ये १९४४ साली देवीप्रसाद आले. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेला तरुण चित्रकार, आणि इथे येऊन खेड्यातल्या मुलांना चित्रकला शिकवायला लागला. पुढे त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच कला हा शिक्षणाचा पाया म्हटलंय. "म्हणजे चरखा होता तिथेच ब्रशही होता," मॅडम म्हणाल्या. "गांधींच्या शाळेला तो चैनीचा वाटला नाही. आपल्याला वाटतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा बघा. सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असली तर कलेसाठी निदेशक असावा, कसला, तर अंशकालीन. नववी-दहावीचा तर त्या कायद्यात विषयच नाही. आठवड्याला माझे दोन तास, त्यातला एक जानेवारीपासून गणिताला जातो."

"तो मी घेतो," सर माझ्याकडे पाहून म्हणाले. कबुली होती की अभिमान, मला कळलं नाही.

पुढे थोडा वेळ दोघांनी पुस्तकं आणि सिनेमे एकमेकांना फेकून मारले. सर म्हणाले, 'तारे जमीं पर' २००७ साली आला, तेव्हापासून प्रत्येक ड्रॉइंगच्या मास्तराला आपल्या वर्गात त्या सिनेमातला ईशान दिसतो. मॅडम म्हणाल्या, दिसू दे की, न दिसण्यापेक्षा बरं. मग सरांनी मिलिंद बोकिलांची 'शाळा' काढली. ती कादंबरी त्यांनी दोनदा वाचलेली. "नववीतल्याच पोराची गोष्ट. काळ आणीबाणीचा, पुस्तक आलं २००४ मध्ये. मधली पंचवीस-तीस वर्षं गेली, म्हणून ते पुस्तक झालं. नववीतल्या पोरानं नववीतच लिहिलं असतं तर ती तक्रारवही झाली असती. शाळा कळायला शाळेतून बाहेर पडावं लागतं."

"बोकील एक असतो सर. बाकीच्यांचं पोटात तसंच राहतं. मग ते पालक होऊन येतात आणि शाळेच्या ऑफिसबाहेर उभे असताना अजून घाबरतात. तुम्ही पाहिलंयत."

सर गप्प झाले. शाळेच्या ऑफिसबाहेर चप्पल काढून उभा राहणारा बाप त्यांनी पाहिलेला असणारच. मीही पाहिलाय, घरातच.

आता मला नंबर काढायचे होते. मॅडमनी आपलं मत लपवलं नाही. त्यांच्या मनात पहिला नंबर एका मुलीच्या चित्राचा होता, नववी 'ब' मधली, खिडकीजवळ लावलेलं. शेवटच्या बाकावरून दिसणारा वर्ग. अगदी पुढ्यात एक वेणी, लाल रिबिनीची, इतकी बारकाईनं काढलेली की पेडातून निसटलेले केस मोजावेत. तिच्या शेजारी बाकाची कड, त्यावर कोरलेलं एक इंग्रजी अक्षर आणि त्यात साचलेली शाईची वाळकी रेघ. त्यापुढची रांग जरा मऊ. त्यापुढची आणखी. चौथ्या रांगेपासून डोकी म्हणजे नुसते काळे ठिपके, पाण्यात सोडल्यासारखे. आणि समोर, जिथे फळा असायला हवा, तिथे राखाडी रंगाचा एक मोठा ओला हात फिरवलेला. अक्षर नाही, आकडा नाही, बाई नाही. खिडकीतून दिसणारं कडुनिंबाचं झाडसुद्धा हिरवा धूर होऊन गेलेलं.

"हे बघून मी दोन दिवस अस्वस्थ होते," मॅडम मला म्हणाल्या. "शेवटच्या बाकावरच्या मुलीपर्यंत शिकवणं पोचतच नाही. तिच्या लेखी फळा पुसलेला आहे. एवढ्या लहान वयात ही समज! रंग पातळ करत नेण्याचं हे तंत्र मी शिकवलेलं नाही, तिनं शोधलं."

मी मान हलवली. मलाही चित्र फार आवडलं होतं. लेखात कसं वर्णन करायचं याची वाक्यंही मनात जुळायला लागली होती, एकटेपणा वगैरे.

सर बराच वेळ त्या चित्रासमोर उभे होते. चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत काढला आणि तसंच पाहिलं.

"ही उंच आहे म्हणून मागे बसते ना?"

"हो."

"सहामाहीच्या आधी मी हिची वही पाहिली होती. पद्धत बरोबर असायची, उत्तर चुकायचं. फळ्यावरचा ३ वहीत ८ व्हायचा, ५ चा ६ व्हायचा. मी शेरा लिहिला, 'निष्काळजीपणा'." ते थांबले. "मॅडम, हिनं फळा पुसलेला नाही. हिला तो असाच दिसतो."

खोलीत कुणीच बोललं नाही. बाहेर लेझमीचा ठेका चालू होता.

मी चित्र पुन्हा पाहिलं. आता ते अगदी उघड होतं, इतकं की मला लाज वाटली. जवळचं लख्ख, लांबचं विरघळलेलं. मुलीनं काहीही सुचवलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं होतं, रोज जे दिसतं ते काढा. तिनं ते काढलं होतं, इमानानं, एकेक रांग करत.

सरांनी शिपाईमामांना पाठवून तिला बोलावलं. लेझीम हातात तशीच धरून, धापा टाकत ती आली. तिघांना चित्रासमोर उभं पाहून तिचं पहिलं वाक्य होतं, "काढून टाकू काय सर?"

"नाही. तिकडे भिंतीवर काय लिहिलंय?" ग्रंथालयाच्या पलीकडच्या भिंतीवर एक सुविचार रंगवलेला आहे.

"सुविचार."

"कोणता?"

"रोजचाच."

सर म्हणाले, "वाच." ती दोन पावलं पुढे गेली. सर म्हणाले, "तिथूनच." मग ती उभी राहिली, डोळे बारीक केले आणि आमच्याकडे पाहून हसली, उत्तर येत नाही तेव्हा मुलं हसतात तशी. शाळेत डोळे तपासणारं पथक आलं होतं त्या दिवशी ती गावाला गेली होती, मावशीच्या लग्नाला. घरी कधी सांगितलं का, असं मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू? सगळ्यायले असंच दिसत असन वाटलं."

ती गेल्यावर मॅडम खुर्चीत बसल्या. "मी तिच्यात काय काय पाहत होते," एवढंच म्हणाल्या. सर त्यावर काही बोलले नाहीत, आणि हा त्यांचा मोठेपणा मी लक्षात ठेवलाय. वाद जिंकायची एवढी आयती संधी होती. पण त्यांच्या मनात तो 'निष्काळजीपणा' असणार.

दोघांपैकी कोण बरोबर, असं मला नंतर एकदोघांनी विचारलं. मला सांगता येत नाही, पण एक सांगता येतं. मॅडमनी तो विषय दिला नसता तर ते चित्र झालं नसतं. आणि सरांसारखं कुणी कोरडेपणानं पाहिलं नसतं, तर ते चित्र बक्षीस घेऊन चौकटीत गेलं असतं आणि मुलगी शेवटच्या बाकावरच राहिली असती. मुलांची चित्रं पाहताना आपण फार लवकर हळवे होतो किंवा फार लवकर दुखावतो. मी आणि मॅडम हळवे झालो होतो, सर एसटीपाशी दुखावले होते. चित्रात काय आहे ते पाहायचं तिघांनीही आधी टाळलं होतं.

एसटीवाल्या मुलालाही मग बोलावलं. हे मॅडमचं म्हणणं. आपण तासभर त्याच्या चित्रावर भांडतोय, त्याला विचारलंय का? तो आला, नववी 'क', हात मागे बांधून. चित्र लावायचं की नाही, असं सरांनीच विचारलं. त्यानं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली.

"लावा न सर. पण नाव नका टाकू."

"काहून?" सर त्याच्याच बोलीत म्हणाले.

"बाबा येणार हायेत."

आम्हाला वाटलं होतं तो सरांना घाबरत असेल. तो बापाला घाबरत होता. आपलं पोर 'क' मध्ये आहे हे त्या घरात अजून माहीत नव्हतं म्हणे. चित्र टांगलं की पोराचं घरही टांगलं जातं, हे इथे कळलं. चित्राखालची नावाची पट्टी मॅडमनी तिथल्या तिथे फाडून टाकली.

"आणि कंडक्टर मी का?" सरांनी जाता जाता विचारलं.

"तुमी तिकीट देता न सर," पोरगं म्हणालं आणि पळालं.

मी सुचवलं की नंबर काढूच नयेत. कुठल्या तोंडानं काढणार? सर म्हणाले, प्रमाणपत्रं छापून आलीत, तिघांची नावं घालायची राहिलीत. शाळा अशीच चालते. मग मी पहिला नंबर बाटल्यांना दिला. कारण मला त्या चित्रात एकही खोटी गोष्ट सापडली नाही, आणि लंबवर्तुळांबद्दल सरांचा शेराही होता. मुलीच्या चित्राला मी नंबर दिला नाही. तिनं दाखवलेल्या गोष्टीला बक्षीस देणं मला बरं वाटेना. मॅडमना ते पटलं नाही, त्या अजून माझ्यावर नाराज आहेत.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन झालं. एसटीचं चित्र दारातच होतं, नावाशिवाय. त्याच्या शेजारी, त्याच सुतळीवर, पाव शीटचा आणखी एक कागद चिमट्यानं अडकवलेला होता. त्यावर सरांच्या वळणदार अक्षरात तीन तुकड्या का पाडल्या याची कारणं लिहिलेली, खाली त्यांची सही. पालक आधी चित्र पाहत होते, मग कागद वाचत होते, मग परत चित्र पाहत होते. एक आजोबा मला म्हणाले, कागद बरा आहे पण चित्र लवकर कळतं.

मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. नळाला वायसर बसलाय. चौथ्या पत्राला चित्र जोडून काही झालं नाही. स्टोअरमधून पाना निघाला आणि दोन मुलांनी वायसर बसवला. एक नळ तरी अजून गळतोच. मुलीचा नंबर उणे सव्वादोन निघाला. तिला चष्मा लागला, तिला पुढच्या बाकावर बसायला सांगितलं, तर ती नको म्हणाली, मागूनच नीट दिसतं आता. मॅडमकडे ती चित्र परत मागतेय. फळा अर्धवट राहिलाय, पूर्ण करायचाय म्हणते. सर म्हणतात देऊन टाका. मॅडमनी अजून दिलेलं नाही.

द्यावं. चित्र तिचं आहे.